पिकअप, पाना आणि प्रयोगवही

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी घरामागे पत्र्याचे एक छप्पर आहे. त्या छपराखाली एक गाडी उभी होती. उभी होती म्हणण्यापेक्षा बसली होती असे म्हणणे अधिक बरोबर होईल. चारही टायरांतील हवा केव्हाच निघून गेली होती. मागच्या हौद्यात शेणी रचलेल्या असत आणि ड्रायव्हरच्या आसनावर कोंबड्या अंडी घालत. ही गाडी माझ्या आजोबांनी घेतलेली. आमच्या घरची हळद सांगलीच्या पेठेत आणि गूळ कऱ्हाडला नेण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केले. १९९८ साली ती जी थांबली, ती पुढे सव्वीस वर्षे जागची हलली नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये घराच्या वाटण्या झाल्या. छपराची जागा चुलतभावांच्या वाट्याला गेली आणि तेथे त्यांना घर बांधायचे होते. भंगारवाला येऊन गाडीकडे पाहून गेला. त्याने गाडीचा भाव केला तो वजनावर. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्या दिवशी जेवले नाहीत. गाडी वीस वर्षे त्यांनीच चालवली होती. शेवटी भावांनी एक अट घातली. गाडी ढकलत नेऊन दुसरीकडे गंजत ठेवायची नाही. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत ती स्वतःच्या इंजिनावर छपरातून निघून विहिरीशेजारच्या मोकळ्या जागेत गेली तर राहील, नाही तर भंगारात जाईल.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. फळ्यावर इंजिनाची आकृती शेकडो वेळा काढली असेल, पण पाना हातात धरण्याचा प्रसंग फारसा आला नव्हता. वर्गात ही हकीकत सांगितली, तेव्हा अकरावीचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, देवराष्ट्र्याच्या लोहारांनी भंगारातून आख्खी जीप बनवली. आपल्याला असलेली गाडी सुरू करता येणार नाही?"

त्याचे म्हणणे खरे होते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तेथलाच. या गावचे दत्तात्रय लोहार यांनी आपल्या मुलाची हौस पुरवण्यासाठी जुन्या गाड्यांचे भाग जमवून एक छोटी चारचाकी तयार केली. खर्च आला सुमारे ६० हजार रुपये. ती सुरू करायची दुचाकीसारखी किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पोहोचली. ती पाहून उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्या गाडीच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांच्या हाती आली. लोखंडाशी दोन हात करण्याची या भागाची परंपरा तशी जुनीच आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना उभा केला, तोही याच कृष्णाखोऱ्यात.

दोन मुलगे आणि दोन मुली असे चार विद्यार्थी रविवारी मदतीला येतील असे ठरले. त्यांतील एका मुलीने पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही आणून तिच्यावर 'प्रयोगवही' असे लिहिले. तेव्हा मला जरा हसू आले होते. पुढे त्याच वहीने आमची गाडी वाचवली. ते कसे, हेच या लेखात सांगायचे आहे.

गाडीची ओळख

आमची गाडी म्हणजे महिंद्रची एफसी-१५० पिकअप. महिंद्र कंपनीची स्थापना १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' या नावाने झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. अमेरिकेतील विलीज कंपनीची जीप भारतात आणून जोडण्यापासून तिच्या मोटारींच्या धंद्याची सुरुवात झाली. १९६५ साली तिने हलक्या मालवाहू गाड्यांच्या क्षेत्रात पाऊल टाकले, ते एफसी-१५० घेऊन. हीदेखील मूळची विलीजचीच गाडी.

या गाडीला पुढे नाक नाही. जीपमध्ये इंजिन पुढे आणि ड्रायव्हर त्याच्या मागे असतो. येथे ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन त्याच्या डाव्या हाताला, केबिनमधल्या एका मोठ्या डब्याखाली असते. त्यामुळे गाडीची लांबी न वाढवता मागे माल भरायला जास्त जागा मिळते. तोटाही आहेच. हौदा रिकामा असला की बहुतेक सारे वजन पुढच्या चाकांवर येते आणि जोरात ब्रेक दाबला तर गाडी नाकावर पडते की काय असे वाटते. "रिकामी गाडी घेऊन खंबाटकीचा घाट उतरायचा म्हणजे हौद्यात दोन-चार दगड टाकायचोच," असे तात्या सांगतात. गुरुत्वमध्य मागे सरकवण्याचा याहून सोपा उपाय कोणता असणार!

आधी थांबणे, मग पळणे

पहिल्या रविवारी आम्ही मोठ्या उत्साहाने इंजिनावरचा डबा उचलला. तात्या खाटेवरून ओरडले, "आरं, पळाया इंजन लागतं, पर थांबाया बिरेक लागतो. आधी बिरेक बघा!"

त्यांचे म्हणणे बिनतोड होते. छपरापासून विहिरीकडे उतार आहे. इंजिन अचानक सुरू झाले आणि ब्रेक नसला, तर गाडी थेट विहिरीच्या कठड्यावर जायची. म्हणून चाकांना दगडाच्या उट्या लावल्या, बॅटरीच्या तारा सोडवल्या, गाडी जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली आणि मगच चाके काढली. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक असते. म्हणून मुलांना दूर उभे करून, तोंडावर योग्य मास्क बांधून मी ती ओल्या फडक्याने पुसून घेतली. ती फुंकर मारून किंवा पंपाच्या हवेने कधीही उडवू नये.

हे ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतात. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पसरतो. थोडे गणित करू. समजा, आपण पायाने पेडल २० किलोच्या जोराने दाबले. पेडल ही एक तरफ आहे. ती हा जोर पाचपट करते, म्हणजे मुख्य सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोचा जोर येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर धरले, तर द्रवातील दाब दर चौरस सेंटिमीटरला २० किलो होतो. हाच दाब नळ्यांतून चारही चाकांकडे जातो. प्रत्येक चाकात दोन, असे एकूण आठ लहान दट्ट्ये असतात. त्यांचेही क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर धरले तर प्रत्येकावर १०० किलोचा जोर पडतो. पायाचे २० किलो आणि चाकांवर एकूण ८०० किलो! हा फुकटचा फायदा झाला का? नाही. पेडल ५ सेंटिमीटर खाली गेले तर मुख्य दट्ट्या १ सेंटिमीटर सरकतो आणि चाकांतील दट्ट्ये प्रत्येकी फक्त सव्वा मिलिमीटर. २० ला ५ ने गुणा, ८०० ला ०.१२५ ने गुणा. दोन्हींचे उत्तर १०० च येते. निसर्गाच्या हिशेबात उधारी नसते.

आता या नळीत ५ घन सेंटिमीटर हवेचा एक बुडबुडा अडकला आहे असे समजा. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. २० पट दाब आला की बुडबुडा सुमारे विसाव्या भागाएवढा होईल. म्हणजे मुख्य दट्ट्याने ढकललेला जवळजवळ सगळा द्रव बुडबुड्याची जागा भरण्यातच खर्च होईल. पेडल तळाला टेकेल आणि चाके मात्र फिरतच राहतील. म्हणूनच ब्रेक दुरुस्त केल्यावर एक जण पेडल दाबतो आणि दुसरा चाकाजवळचा स्क्रू ढिला करून आतली हवा बाहेर काढतो.

हे तुम्हांला शाळेतही पाहता येईल. सुया नसलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पिचकाऱ्या घ्या. त्या एका लवचीक नळीने जोडा आणि आत पाणी भरा. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकेल. आता नळीत मुद्दाम बोटभर लांबीची हवा ठेवा, दुसरा दट्ट्या मित्राला घट्ट धरायला सांगा आणि पुन्हा दाबा. हाताला जो मऊ, स्पंजासारखा भास होईल, त्यालाच आपल्याकडचे ड्रायव्हर 'ब्रेक लूज लागतो' म्हणतात.

आमच्या गाडीतील चाकांचे आठांपैकी सहा दट्ट्ये गंजून जाम झाले होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि सव्वीस वर्षांत त्याने भरपूर पाणी प्यायले होते. चाकांचे सिलिंडर, रबरी वायसर आणि नळ्या सगळेच नवे घालावे लागले. त्यात मे महिना संपला. तोवर इंजिनाला आम्ही हातही लावला नव्हता.

जाम झालेले इंजिन

इंजिनाचा मुख्य दांडा पान्याने फिरवून पाहिला, तो तसूभरही हलेना. चारपैकी काही दट्ट्ये सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटले होते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे आधीच अरुंद असलेल्या फटीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो.

माझी पहिली कल्पना अशी, की पान्याला लांब पाइप जोडावा. तरफ मोठी तर जोर मोठा! तात्यांनी पाइप हातातून काढून घेतला. "जोर लावशील तर आतल्या रिंगा मोडशील. तेल घाल आणि गप बस."

स्पार्क प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन-तेल यांचे मिश्रण थोडे थोडे घातले. येथे काम करते ते केशाकर्षण. दिव्याच्या वातीतून तेल ज्या कारणाने वर चढते, त्याच कारणाने ते दट्ट्या आणि भिंत यांमधल्या केसाहून बारीक फटीत शिरते. मात्र त्याला वेळ लागतो. रोज थोडे तेल घालायचे आणि पान्याने हलकेच पुढे-मागे झोके द्यायचे, असा क्रम ठेवला. अकराव्या दिवशी दांडा नखभर हलला. त्या नखभर हालचालीने झालेला आनंद मला एम.एस्सी.चा निकाल लागला तेव्हाही झाला नसेल! चौदाव्या दिवशी इंजिनाने पुरता फेरा घेतला.

दाब काय सांगतो?

इंजिन फिरू लागले म्हणजे ते चालू होईलच असे नाही. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण, ते पुरेसे दाबले जाणे आणि नेमक्या वेळी ठिणगी. यांपैकी दाब प्रथम तपासायचे ठरले, कारण तोच कमी असेल तर इतर दोन्ही वाया.

आमच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७.९४ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ११.११ सेंटिमीटर आहे. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून पाहा. एका सिलिंडरचे आकारमान ५५० घन सेंटिमीटर येईल आणि चारांचे मिळून २,२००. जुन्या हातपुस्तिकेप्रमाणे मिश्रण दाबून ६.९ पट लहान होते. म्हणजे दट्ट्या खाली असताना ६४३ घन सेंटिमीटर जागेत असलेले मिश्रण, तो वर आल्यावर ९३ घन सेंटिमीटरमध्ये मावते.

मग दाब किती व्हावा? सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंच आहे. येथे वातावरणाचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ९२ टक्केच असतो. समुद्रकाठी तो चौरस इंचाला १४.७ पौंड, तर आमच्याकडे सुमारे साडेतेरा पौंड. बॉइलच्या नियमाप्रमाणे साडेतेराला ६.९ ने गुणले की ९३ पौंड येतात. दाबमापक वातावरणाचा दाब शून्य धरतो, म्हणून साडेतेरा वजा केल्यावर तो सुमारे ८० दाखवील. पण बॉइलचा नियम तापमान स्थिर असेल तरच लागू पडतो. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना तापते, हे तुम्ही पाहिले असेल. चटकन दाबलेली हवा तापते आणि तिचा दाब आणखी वाढतो. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे धरले तर दाब सुमारे १५ पट होईल आणि मापक १९० च्या आसपास जाईल. प्रत्यक्षात थंड भिंती काही उष्णता घेतात, थोडी हवा निसटते आणि हवा आत घेणारी झडपही जरा उशिरा मिटते. म्हणून खरा आकडा ८० आणि १९० यांच्या दरम्यान पडायला हवा.

स्टार्टरने इंजिन फिरवून आम्ही मोजणी केली आणि वहीत लिहिली. पहिला सिलिंडर १०५, दुसरा १०८, तिसरा ५५, चौथा १०४. तिसऱ्यात काही तरी बिघाड होता हे उघड दिसले. पण तो दट्ट्याच्या रिंगांत होता की झडपेत? यासाठी एक सुंदर युक्ती आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर घट्ट तेल घालून पुन्हा दाब मोजायचा. तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते, झडपेची फट मात्र बुजवू शकत नाही. तेलानंतर दाब चढला तर दोष रिंगांचा आणि तेवढाच राहिला तर झडपेचा. आमचा आकडा ५५ वरून ५८ वर गेला. म्हणजे दोष झडपेचा.

इंजिन न उघडता, केवळ एक चमचा तेलाने आतला बिघाड कळावा, याचे मुलांना फार नवल वाटले. मग वरचे हेड उतरवले. या जातीच्या इंजिनात हवा आत घेणारी झडप वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारी झडप खाली ब्लॉकमध्ये असते. तिसऱ्या सिलिंडरची धुराची झडप कडेने जळून खडबडीत झाली होती. बारीक दाण्यांची पेस्ट लावून ती तिच्या बैठकीवर घासली आणि दोन्हींवर अखंड करडे कडे उमटेपर्यंत घासत राहिलो. हेड पुन्हा बसवल्यावर तिसऱ्याचा आकडा १०२ आला. तोवर गणपती जवळ आले होते.

माझी चूक

आता ठिणगी. येथपर्यंत सगळे शिस्तीत चालले होते. पाडवा जवळ येऊ लागला तशी माझी घाई झाली. एका शनिवारी संध्याकाळी, मुले नसताना, मी बाजारातून आणलेले नवे प्लग, नवे पॉइंट आणि नवा कंडेन्सर असे सगळे एकदम बसवले. शिवाय ठिणगीची वेळ चुकली असावी असे वाटून डिस्ट्रिब्यूटरही थोडा फिरवला. मूळ जागेची खूण करून ठेवावी, हे मात्र सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होईना. आदल्या आठवड्यात ते निदान खोकत तरी होते, आता तेही नाही. प्लग बाहेर काढून पाहिला तर ठिणगी पिवळी आणि मरतुकडी. मी कॉइलवर संशय घेतला, बॅटरीवर घेतला, तारांवर घेतला. नव्या वस्तूंवर संशय घेण्याचे मनातही आले नाही. यात तीन आठवडे गेले.

अखेर वहीवाल्या मुलीने विचारले, "सर, त्या शनिवारी आपण नेमके काय काय बदलले?" मी चार गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, "प्रात्यक्षिकात तुम्हीच सांगता, एका वेळी एकच राशी बदलायची."

मित्रांनो, मी खाली मान घातली. वीस वर्षे जे वाक्य मी वर्गात सांगत आलो, ते मला माझ्याच अंगणात आठवले नव्हते.

तिने वहीत तक्ता आखला. डावीकडे 'बदल', उजवीकडे 'ठिणगी'. पहिली ओळ : जुने प्लग परत बसवले, बाकी तसेच. ठिणगी पिवळी. दुसरी ओळ : जुने पॉइंट परत बसवले. ठिणगी पिवळी. तिसरी ओळ : जुना कंडेन्सर परत बसवला. ठिणगी निळी, टणक, 'टक्' असा आवाज करणारी! बाजारातून आणलेला नवा कोरा कंडेन्सरच सदोष निघाला आणि अर्ध्या शतकापूर्वीचा जुना अजून ठणठणीत होता.

या लहानशा डबीवर एवढे काय अवलंबून असते? बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या टोकांमधली हवा भेदून ठिणगी उडायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक थोड्या वेढ्यांचे आणि दुसरे त्याच्या साधारण शंभरपट वेढ्यांचे. पहिल्यातून प्रवाह वाहत असताना पॉइंट उघडून तो एकदम तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाबाची वीज प्रवर्तित होते. फॅरडेने १८३१ साली शोधलेले प्रवर्तन ते हेच. क्षेत्र जितके झटकन कोसळेल तितके व्होल्ट जास्त. पण पॉइंट उघडताना प्रवाह सहजासहजी थांबत नाही, फटीतून ठिणगीच्या रूपाने वाहतच राहतो. कंडेन्सर त्या क्षणी ती वीज स्वतःत साठवून घेतो, म्हणून प्रवाह खाडकन तुटतो. कंडेन्सर खराब असेल तर पॉइंटवर ठिणग्या उडतात, क्षेत्र हळूहळू कोसळते आणि प्लगपर्यंत पोहोचते ती मरतुकडी पिवळी ठिणगी. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर हा खेळ सेकंदाला सुमारे ६७ वेळा चालतो.

मग इंजिन हाताने फिरवून ठिणगीची वेळ पुन्हा जुळवली, ठिणग्यांचा १-३-४-२ हा क्रम पडताळला आणि प्रत्येक बदलानंतर वहीत एक ओळ लिहिली. दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी चार वाजता इंजिनाने दोनदा शिंका दिल्या, निळसर धुराचा लोट सोडला आणि ते चालू झाले. कोंबड्या उडाल्या, कुत्री भुंकली. तात्या खाटेवरून उठून आले आणि काही न बोलता डब्यावर हात ठेवून उभे राहिले.

सात मिनिटांनी इंजिन बंद पडले.

सातव्या मिनिटाचे कोडे

पुन्हा सुरू केले, पुन्हा सात-आठ मिनिटांनी बंद. पण आता आम्ही शहाणे झालो होतो. वहीत तीन प्रश्न लिहिले. बंद पडताना ठिणगी आहे का? आहे. दाब आहे का? आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आहे का? नाही! मग टाकीपासून एकेक सांधा सोडत पुढे आलो. टाकीतून पेट्रोल येत होते, पण एका रबरी नळीच्या पुढे त्याची धार क्षीण होती. नळी उभी चिरून पाहिली, तर आतले रबर फुगून मऊ झाले होते आणि वाट जवळजवळ बुजली होती. कार्ब्युरेटरमधला साठा संपेपर्यंत इंजिन चालायचे आणि मग उपाशी पडायचे.

याचे कारण आजच्या पेट्रोलमध्ये आहे. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. आपल्या सातारा-सांगलीच्या उसापासूनही ते तयार होते. इथेनॉल जाळणे यात वाईट काही नाही. पण ही गाडी बनली तेव्हा तिचे रबर असल्या इंधनासाठी बनवलेले नव्हते. काही जुन्या जातींचे रबर इथेनॉलमध्ये फुगते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत गंजाची भीती वाढते. इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या नव्या नळ्या आणि पंपाचा नवा पडदा घातल्यावर इंजिन सलग पाऊण तास चालले.

पाडव्याचा दिवस

२ नोव्हेंबर २०२४, बलिप्रतिपदा. चुलतभाऊ, त्यांची मुले आणि निम्मी आळी अंगणात जमली होती. मी चालकाच्या जागेवर बसणार, तेवढ्यात मुलांनी तात्यांना पुढे केले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तात्या पायरीवर पाय देऊन वर चढले. त्यांनी आधी पेडल तीनदा दाबून पाहिले, मान हलवली आणि मगच किल्ली फिरवली. गाडी गुरगुरत उतारावरून निघाली. विहिरीच्या अलीकडे दहा फुटांवर तात्यांनी ब्रेक लावला आणि गाडी जागच्या जागी थांबली. सारा प्रवास असेल साठ-सत्तर फुटांचा. भावांनी दिलेला शब्द पाळला. गाडीवर आता तेथे नवे छप्पर आहे.

ती रस्त्यावर मात्र आलेली नाही. तिची नोंदणी केव्हाच संपली आहे आणि नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणणे गुन्हा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो, पण रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी अशा ठरावीक कारणांसाठी. शिवाय ते नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहेत आणि आमची पडली मालवाहू. देवराष्ट्र्याच्या गाडीचे कौतुक करतानाच आनंद महिंद्रांनीही लिहिले होते की, ती नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी तिला केव्हा ना केव्हा अडवतील. हे नियम त्रासासाठी केलेले नाहीत. ब्रेकमधला एक बुडबुडा काय करू शकतो, हे आपण वर पाहिलेच आहे.

प्रयोगवही आता माझ्या कपाटात आहे. तिच्या एकशे बारा पानांपैकी निम्म्याहून अधिक ओळींपुढे 'फरक नाही' असे लिहिलेले आहे. पूर्वी मला अशा ओळी म्हणजे वाया गेलेला वेळ वाटायचा. पण 'फरक नाही' या प्रत्येक शेऱ्याने एक शंका कायमची मिटली आणि खरे कारण एकेक पाऊल जवळ आले. ज्या शनिवारी मी चार गोष्टी एकदम बदलल्या, त्या दिवसाचे पान मात्र कोरे आहे. त्या दिवशी गाडीने उत्तर दिले होते, पण कोणत्या प्रश्नाचे, तेच मला कळले नाही.

तुमच्या घरी बंद पडलेला पंखा असेल, अडखळणारी सायकल असेल, शेतावरचा पंप असेल. जाणत्या माणसाला बरोबर घ्या, विजेची तार आधी सोडवा आणि पाना उचलण्यापूर्वी एक वही उघडा. डावीकडे लिहा 'काय बदलले', उजवीकडे लिहा 'काय झाले'. एका ओळीत मात्र एकच बदल!